वाचवलेलं वर्ष

"आता कशाला, जायचंच आहे." त्या दिवसांत आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं जायचं की बाहेरच्या माणसाला ते आमचं कुलदैवत वाटलं असतं. कुकरचं हँडल सैल झालं होतं, ते फडक्यानं धरून उतरवायचं. नवीन आता कशाला? खिडकीचे पडदे विरून त्यांतून समोरच्या घरातला टीव्ही दिसायला लागला, तरी तेच उत्तर. आईचं माहेर परभणीकडचं, त्यामुळे दर उन्हाळ्यात इकडे उत्तरेतही, विकास नगरच्या आमच्या गच्चीवर, आमटीचा येसर व्हायचा. आई सकाळपासून हरभऱ्याची डाळ, गहू, बाजरी, धने भाजत बसायची, आणि खाली आमच्या घरमालकीण मिश्रा आंटींना मिरचीचा ठसका लागला की त्या जिन्यातून ओरडायच्या, "भाभी, आज फिर आपका महाराष्ट्र जल रहा है क्या?" त्या उन्हाळ्यात ठसका लागला नाही. वर्षाचा मसाला करून तो कुणाला ठेवायचा? मग आमटीत कोपऱ्यावरच्या दुकानातला गरम मसाला पडू लागला. ताटात आमटी आणि वास छोल्यांचा, असं आम्ही कितीतरी महिने जेवलो. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायलाही घर आपलं वाटावं लागतं.

कुठे जायचं होतं, त्या देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणाऱ्याचा एखादा भाचा तिथे निघतोच, आणि मग त्याला व्हिसा कसा तीन आठवड्यांत मिळाला ते ऐकावं लागतं. एवढं पुरे की बाबांची धाकटी बहीण, आमची सुधाआत्या, लग्न होऊन तिथे गेली, तिथली नागरिक झाली, आणि मी दुसरीत असताना तिनं भावाच्या कुटुंबासाठी अर्ज भरला. धाकटा ओंकार तेव्हा बोबडं बोलत होता. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा कुठे अर्जाचा नंबर लागला. मधल्या काळात बाबा इथल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या हाताळत म्हातारे झाले आणि निवृत्तही झाले. दर दिवाळीला आत्या फोनवर म्हणायची, "दादा, पुढची दिवाळी इकडे हं." बाबा हसायचे. त्यांच्या हसण्यात आशा किती आणि सवय किती, हे मला तेव्हा कळायचं नाही.

नंबर लागला तसं घर हळूहळू रिकामं व्हायला लागलं. निशातगंजच्या बाजारातून चार मोठ्या सुटकेसी आल्या, प्रत्येकाची एक. त्या पुढच्या खोलीत भिंतीशी उभ्या केल्या आणि धूळ बसू नये म्हणून आईनं त्यांच्यावर चादर टाकली. बाबांनी स्कूटर संस्थेतल्या एका मित्राला देऊन टाकली आणि फ्रिज मिश्रा आंटींना. मुलाखतीचं पत्र आलं होतं, मार्चअखेरची तारीख होती, दिल्लीच्या वकिलातीत चौघांनी हजर व्हायचं होतं. त्याच्या आठवडाभर आधी साथीमुळे सगळं बंद झालं, त्यात वकिलातही. आणि आम्ही चौघं आपल्याच घरात पाहुण्यासारखे अडकलो. दही विरजलं की ते खाली आंटींकडे ठेवायचं, आणि जेवताना मी वाटी घेऊन जिना उतरायची. आंटी मनानं मोठ्या. "अरे बिटिया, आप ही का तो है, इसमें पूछना कैसा," असं दर वेळी म्हणायच्या. पण आपलंच दही विचारून आणताना माणूस थोडा लहान होतो, ते काही चुकलं नाही.

त्या महिन्यांचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. सकाळी सब्जीवाल्या भैयाची आरोळी, दुपारी इन्व्हर्टरची बारीक पिपाणी, वीज गेली की एकदम पसरणारी शांतता, आणि मधूनच दूर रस्त्यावरून जाणारी ॲम्ब्युलन्स. ती ऐकली की आई हातातलं काम थांबवायची, आवाज विरला की पुन्हा सुरू करायची. या सगळ्यात सकाळी दहाचा एक कार्यक्रम ठरलेला. बाबा आंघोळ करून, केस विंचरून, सुटकेसवर बसायचे आणि ओंकारला म्हणायचे, "बघ रे." ओंकार मोबाईलवर वकिलातीचं पान उघडायचा. आमच्या घरात आईबाबा मराठी बोलत, ओंकार उत्तर हिंदीत देई, आणि मी समोर कोण आहे ते बघून. "बंद है अभी भी," तो म्हणायचा, "अगली सूचना तक." बाबा मान डोलवायचे. मग जरा वेळानं विचारायचे, "तारीख काही दिली आहे का?" तारीख कधीच दिलेली नसायची. तरी ते केस विंचरून बसायचे, याचा मला तेव्हा राग यायचा. आज वाटतं, केस विंचरण्याखेरीज त्यांच्या हातात होतं तरी काय?

तेवढ्यात डॉक्टरी तपासणीची मुदत संपली, मग पोलिसांच्या दाखल्याची. दाखला पुन्हा काढायचा म्हणजे फोटो पुन्हा. त्या वर्षात आम्ही तीनदा फोटो काढले. ते ओळीनं लावून पाहिले तर बाकीचे आम्ही तसेच आहोत, आईचा चेहरा मात्र प्रत्येक फोटोत थोडा खाली उतरलेला आहे. प्रत्येक कागदाच्या ती तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवायची. "एक हरवली तर एक असावी, आणि ती भिजली तर आणखी एक," हा तिचा न्याय. त्या काळात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला आमच्या घराण्याची कुंडली पाठ झाली असेल.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला बसले ते सांगते. मी जन्मले कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आईच्या माहेरच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात. घरात माझा वाढदिवस तेव्हाच होतो, आई औक्षण करते, गव्हाची खीर असते. पण कागदावर माझा जन्म जूनमधला आहे. मला अलीगंजच्या शाळेत घालायचं होतं तेव्हा काही महिने कमी पडत होते आणि बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी आणा. बाबांना ते पटेना. मी तीन वर्षांची असताना पाढे म्हणत होते, असं ते अजूनही सांगतात. आई म्हणते, दोनचाच म्हणत होती, तोही आठपर्यंत. ते काही असो, बाबांनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेत जाऊन फॉर्मवर जून लिहून टाकला. गावाकडे ग्रामपंचायतीत माझी नोंद कुणी केलीच नव्हती. पुढे पासपोर्टसाठी जन्मदाखला लागला, तेव्हा तो शाळेच्या दाखल्यावरून निघाला. अशा रीतीनं मी कायदेशीर जूनची झाले. यात आमच्याकडे कुणाला काही गैर वाटलं नव्हतं. बाबांची स्वतःची जन्मतारीख एक जून आहे, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जूनच आहे, कारण गुरुजींना तीच सोयीची होती. उलट बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "पोरीचं एक वर्ष वाचवलं मी." मी बारावी झाले, कॉलेजात गेले, प्रत्येक वेळी ते वाचवलेलं वर्ष बाहेर काढलं जायचं.

त्या देशाचा नियम असा की एकवीस पूर्ण झालेलं मूल आईबापांच्या फाईलमध्ये राहत नाही. नियम आम्हाला ठाऊक होता, पण मुलाखत मार्चमध्ये होती, त्यामुळे काळजी नव्हती. वकिलात बंद झाल्यावर मात्र घरात जून हा शब्द कुणी उच्चारेना. मे गेला. जूनमधली ती तारीख आली तेव्हा आईनं नेहमीसारखी पोळी-भाजी केली, बाबा केस विंचरून बसले, ओंकारनं पान उघडून "बंद है" म्हटलं. त्या दिवशी बाबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यानंतर वाचवलेल्या वर्षाची गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकली नाही.

पावसाळा संपता संपता वकिलात उघडली. नव्या मुलाखतीचं पत्र आलं, दसरा होऊन दिवाळी यायच्या मधली तारीख होती. ओंकारनं मोबाईलवर नावं मोठ्यानं वाचली. बाबांचं, आईचं, त्याचं स्वतःचं. मग त्यानं बोटानं पान वर सरकवलं, खाली सरकवलं. "दीदी का नहीं है," तो म्हणाला. आई म्हणाली, "नीट बघ, वृंदाचं नाव दुसऱ्या पानावर असेल." दुसरं पान नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, कारण काहीतरी करणं भाग होतं. मला रडू आलं नाही. इतके दिवस वाट पाहून मी आतून अशी वाळून गेले होते की पहिल्यांदा जे वाटलं ते हेच, की चला, एक काहीतरी ठरलं.

आई ठरलं म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिनं त्याच दिवशी परभणीला भावाला फोन लावला. मामानं तालुक्याच्या दवाखान्यात चार खेपा घातल्या, जुन्या रजिस्टरांची धूळ खाल्ली, आणि माझ्या जन्माची नोंद शोधून काढली. आईचं नाव, गाव, मुलगी, आणि कार्तिकातली खरी तारीख. त्या पानाची प्रत, वर दवाखान्याचा शिक्का आणि सही, रजिस्टर पोस्टानं आली. तिच्या हिशेबानं मला एकवीस व्हायला अजून महिना होता. आईनं तो कागद देवापुढे ठेवला, मग फाईलमध्ये, आणि मग त्या कागदावरून घरात रोज सकाळी भांडण.

"शिक्का आहे, सही आहे. दाखवायचा," आई म्हणायची. "माझं लेकरू एकवीसचं झालंच नाही अजून."

"अगं, मग ते विचारतील की पासपोर्टावरची तारीख कोणी दिली? शाळेत सही कोणाची? माझी. त्यांच्या फॉर्मवर 'सगळं खरं आहे' म्हणून सही कोणाची? तीही माझीच. एक कागद खोटा म्हटला की ते सगळेच उलटे करून बघतात. माझी तरी एक जून कुठे खरी आहे?"

"तेव्हा फार हौस होती वर्ष वाचवायची!"

ओंकार दारातून म्हणायचा, "आप लोग धीरे बोलिए ना, नीचे आंटी सुन रही हैं."

आत्याचा फोन आला, तिनंही बाबांचीच बाजू घेतली. खोटी माहिती सापडली तर चौघांनाही दार कायमचं बंद; हे तिघं आधी येऊ देत, वृंदासाठी इथून वेगळा अर्ज करू, काही वर्षं लागतील इतकंच. काही वर्षं! आमच्या घरात वर्षांना सुट्या पैशांइतकीच किंमत उरली होती. आई फोनवरच म्हणाली, "वन्सं, तुमची लेक असती तर मागे ठेवली असती?"

मला कुणी काही विचारलं नाही, हे मी तेव्हा मनात धरून ठेवलं होतं. आता वाटतं, कोणत्या तोंडानं विचारणार होते? बाबांनी एकदा प्रयत्न केला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, ते वर आले, चिमटे हातात देत राहिले. शेवटचा टॉवेल झाल्यावर म्हणाले, "वृंदा, मला वाटलं होतं तुझं भलं होईल." एवढंच. त्यांचे केस त्या दिवशी विंचरलेले नव्हते. मी "हो बाबा" म्हटलं आणि रिकामी बादली घेऊन खाली आले. याहून काहीतरी बरं बोलता आलं असतं, पण ते सुचायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

दिल्लीला जायच्या दिवशी पहाटेची गाडी नव्हती, चांगली सकाळची होती. आई ओट्यापाशी प्रवासासाठी दशम्या बांधत होती, सोबत शेंगदाण्याची चटणी. बाबा बूट घालत होते, ओंकार आरशासमोर. फाईल सुटकेसवरच्या चादरीवर पडली होती. मी ती उघडली, दवाखान्याचा कागद काढून घेतला, घडी करून ओढणीखाली धरला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पाठीमागे फळीवरच्या येसरच्या रिकाम्या डब्यात टाकला. झाकण लावताना आवाज झाला. आईनं विचारलं, "काय हवंय गं?" मी म्हटलं, "काही नाही, साखर बघत होते."

हे मी त्याग म्हणून केलं असं लिहायला बरं वाटलं असतं. पण तसं नव्हतं. मला बाबांची दया येत होती हे खरं, ओंकारचं तिथे कॉलेज ठरलं होतं हेही खरं. पण सगळ्यात खरं हे की मी थकले होते. मला त्या सुटकेसींवर बसण्याचा, विचारून दही आणण्याचा, आईच्या प्रत्येक फोटोत उतरत जाणाऱ्या चेहऱ्याचा कंटाळा आला होता. कुणीतरी हे संपवायला हवं होतं, आणि माझ्याइतकं रिकामं दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तिघं परतली. बाबा दारातच म्हणाले, "झालं." आई सरळ न्हाणीघरात गेली. मी उत्तर तयार ठेवून बसले होते. ती विचारणार, कागद कुठे गेला, मी सांगणार, मला माहीत नाही. तिनं विचारलंच नाही. जेवताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. जिनं पंधरा दिवस त्या कागदासाठी घर डोक्यावर घेतलं, तिला तो वकिलातीच्या खिडकीपाशी सापडला नाही आणि ती हूं की चूं करत नाही, हे मला उलगडेना. बदल झाला तो वेगळाच. त्या दिवसापासून आई बाबांशी थेट बोलेनाशी झाली. "ओंकार, तुझ्या बाबांना सांग जेवण वाढलंय." बाबा तीन हातांवर बसलेले असायचे. ते उठून पानावर यायचे. माझ्यासाठी चालू असलेलं हे भांडण आहे असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

संक्रांतीच्या सुमारास ती तिघं गेली. चौथी सुटकेस भिंतीशी राहिली. मिश्रा आंटींनी कुणी न सांगता फ्रिज वर पाठवून दिला. विमानतळावर आईनं स्वतःच्या खांद्यावरची जुनी तपकिरी पर्स काढून माझ्या हातात दिली; सामान तिनं दुसऱ्या पिशवीत घातलं होतं. "ही राहू दे तुला," ती म्हणाली. "चेन गेलीय, पण आतला खिसा अजून चांगला आहे." मला रागच आला. आई जन्मभरासाठी निघाली आहे आणि लेकीला देतेय काय, तर चेन गेलेली पर्स! घरी येऊन मी ती दारामागच्या खुंटीला अडकवली आणि वर्षानुवर्षं तिच्यावर छत्री आणि स्वेटर टांगत गेले. आत्यानं म्हटल्याप्रमाणे माझ्यासाठी वेगळा अर्ज झाला. तो अजून रांगेत आहे. मध्ये मला इथे नोकरी लागली, इथलीच सवय झाली. आता तो अर्ज मंजूर झाला तर काय करायचं, हा प्रश्न मी टाळते.

खूप पुढे एकदा दारामागची खुंटी भिंतीतून निघून आली, आणि सगळ्या पसाऱ्यात पर्स हाताला लागली. चामडं चांगलं होतं. म्हटलं, चेन बसवून घ्यावी. निशातगंजातल्या दुरुस्तीवाल्यानं सवयीनं आत हात घालून चाचपलं आणि म्हणाला, "दीदी, अंदरवाली जेब में काग़ज़ है, निकाल लीजिए." चार घड्या घातलेली झेरॉक्स होती. दवाखान्याचं पान, शिक्का, कार्तिकातली तारीख. एक हरवली तर एक असावी. मी त्याच्या दुकानासमोर रिक्षांच्या गर्दीत तो कागद धरून उभी राहिले, आणि आई विमानतळावर मला काय सांगत होती ते मला तिथे कळलं.

संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, फोन लावला. मी म्हटलं, "आई, पर्सचा आतला खिसा बघितला."

तिनं कसला खिसा विचारलं नाही. म्हणाली, "फाईलमध्ये कागद नव्हता. खिडकीतल्या बाईनं विचारलं, आणखी काही दाखवायचंय का. माझा हात पर्सवर होता. ओंकार माझ्या शेजारी उभा होता गं. मी नाही म्हटलं." मग म्हणाली, "तुला टाकून आले मी. कागद जवळ असून."

मला राग आला, आणि तो खरा होता. इतकी वर्षं मी समजत होते की ते माझं मी ठरवलं. पण तिचा आवाज इतका दमलेला होता की तो राग मला धरून ठेवता आला नाही. मी म्हटलं, "फाईलमधला मी काढला होता, आई. तू दशम्या बांधत होतीस तेव्हा. येसरच्या डब्यात ठेवला. अजून तिथेच आहे."

"तू?"

"हो."

"मला वाटलं यांनी काढला," आई म्हणाली. "मी इतकी वर्षं यांच्याशी..."

तिच्यामागे बाबांचा खोकला ऐकू आला, मग त्यांचा आवाज, "कोणाचा फोन आहे?" एरवी ती उत्तर न देता फोन नुसता त्यांच्याकडे सरकवायची. त्या दिवशी तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "वृंदाचा आहे. अहो, तुम्ही चहा घेतला का? थांबा, टाकते." फोन तिनं ओट्यावर तसाच चालू ठेवला असावा, कारण मला पातेल्यात पाणी पडलेलं ऐकू आलं, आणि मग साखरेचा डबा उघडल्याचा आवाज.